चौदा एप्रिलची दुसरी आठवण

पोस्ट मोठी आहे. आता वेळ नसेल तर रात्री वाचा, पण वाचा.

गेल्या महिन्यात, ४ मार्चला, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या शुभेच्छा आल्या. सोबत फोटो होता बर्फात बंदूक रोखून उभ्या असलेल्या जवानाचा. खाली पंधरा-सोळा जणांनी हात जोडले, तिरंगे टाकले. जवानांबद्दल आदर आहेच, पण या दिवसाचा सीमेशी काडीचाही संबंध नाही. ४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, ती कारखान्यातल्या माणसाचा हात मशीनमध्ये जाऊ नये, बांधकामावरचा मजूर परातीसकट खाली येऊ नये यासाठी. कामगार मंत्रालयाने काढलेली संस्था, मुख्यालय आधी मुंबईत आणि आता नवी मुंबईत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ज्यांनी नोकऱ्या केल्यात त्यांना आठवत असेल: शर्टाला लावलेला तो छोटा बिल्ला, गेटवरची शपथ, घोषवाक्यांची स्पर्धा आणि बक्षीस म्हणून स्टीलचा डबा. आता झालंय असं की 'सुरक्षा' हा शब्द तेवढा उरला, हेल्मेटवाला कामगार फोटोतून गेला आणि त्याच्या जागी बंदूकवाला आला.

तेव्हापासून मला एक खोड लागलीय. सकाळी जो कुठला 'दिन' मोबाईलवर येतो, त्याच्या मागे जाऊन बघायचं की हा आला कुठून. कुणी सुरू केला, कशासाठी, आणि त्या तारखेला नेमकं झालं काय.

बरेचसे दिवस पोकळ निघतात, हे आधीच सांगतो. अमेरिकेत १९५७ साली विल्यम चेज आणि हॅरिसन चेज या दोघा भावांनी वर्षभरातल्या अशा दिवसांची जंत्री काढायला घेतली. पहिली आवृत्ती जेमतेम बत्तीस पानांची होती. तिच्यासाठी कुणीही आपला दिवस कळवू शकतो. पत्र पाठवा, संपादकांना पटलं तर छापून येतं. त्यामुळे लोणच्यापासून पायमोज्यांपर्यंत कशाचाही दिवस होऊ शकतो, आणि ज्याचा माल विकायचाय त्याला तर तो हवाच असतो. ओरेगॉनमधल्या दोघा मित्रांनी १९९५ मध्ये खेळता खेळता ठरवलं की वर्षातून एक दिवस समुद्री चाच्यांसारखं बोलायचं. तारीख कोणती? १९ सप्टेंबर, कारण त्यातल्या एकाच्या घटस्फोटित बायकोचा तो वाढदिवस, म्हणजे लक्षात ठेवायला सोपा. २००२ मध्ये एका विनोदी स्तंभलेखकाने त्यावर लिहिलं आणि बघता बघता तो जगभर साजरा व्हायला लागला. यात कुणाचं काही बिघडत नाही. गंमत म्हणून चालू द्या.

पण काही दिवस खरेच असतात आणि नंतर पोकळ केले जातात. मदर्स डेचं तसं झालं. ॲना जार्विस या बाईंची आई वेस्ट व्हर्जिनियात बायकांचे गट करून स्वच्छतेचं, आजारी मुलांच्या शुश्रूषेचं काम करायची. ती १९०५ मध्ये गेली. मुलीने तिच्या आठवणीत १९०८ मध्ये ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये प्रार्थना ठेवली, आईला आवडणारी पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली, आणि मग खटपट करकरून १९१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून मे महिन्याचा दुसरा रविवार जाहीर करून घेतला. पुढची सगळी वर्षं तिने काय केलं असेल? हाच दिवस बंद पाडण्यासाठी भांडली. फुलवाल्यांनी त्या फुलांचे भाव चढवले, कार्डवाल्यांनी छापील माया विकायला काढली, आणि बाई कोर्टकचेऱ्या करत फिरली. १९२५ मध्ये एका संमेलनात गोंधळ घातला म्हणून तिला अटकसुद्धा झाली. ज्या बाईने दिवस मिळवला तीच तो परत घ्या म्हणून सह्या गोळा करत होती.

आपल्याकडचं एक उदाहरण याच्या बरोबर उलटं आहे. २० ऑगस्टला जागतिक डास दिन असतो. ऐकून हसू येतं, पण त्यामागे सिकंदराबादचा लष्करी दवाखाना आहे. १८९७ साली त्या तारखेला रोनाल्ड रॉस या डॉक्टरला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. हा दिवस 'डास दिन' म्हणून ओळखला जावा असं रॉसने स्वतःच सांगून टाकलं, आणि १९०२ मध्ये त्याला नोबेलही मिळालं. आता डासाच्या पोटात तो जंतू आला कुठून? हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाकडून. तापाने फणफणलेला तो माणूस मच्छरदाणीत डासांकडून स्वतःला चावून घेत होता, डासामागे एक आणा या दराने. डासाच्या नावाचा दिवस झाला, रॉसच्या नावाची स्मारकं झाली, आणि हुसेन खानला आणे मिळाले. मला या कथेतलं सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलं असेल तर तो दर.

हे सगळं लिहितोय कारण येत्या आठवड्यात १४ एप्रिल आहे.

१४ एप्रिल म्हटलं की बाबासाहेब, आणि ते तसंच असायला हवं. चैत्यभूमीपासून गावातल्या पारापर्यंत तो दिवस ज्यांचा आहे त्यांचाच आहे. पण याच तारखेला देशभरातल्या फायर स्टेशनमध्ये जवान रांगेत उभे राहून दोन मिनिटं शांत राहतात. राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन. दिल्ली, पाटणा, गुवाहाटी, सगळीकडे. आणि ही तारीख आली आपल्या मुंबईच्या गोदीतून. मुंबईत जन्म गेलेल्या कितीतरी लोकांना हे माहीत नाही. मी गेल्या महिनाभरात जवळजवळ वीस जणांना विचारलं, दोघांना माहीत होतं. त्यातला एक निवृत्त फायरमन, म्हणजे तो धरायलाच नको.

स्फोट सांगायच्या आधी गोदीबद्दल थोडं. कारण एप्रिलमधली आणखी एक तारीख त्याच पाण्यातली आहे. ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून 'लॉयल्टी' नावाचं जहाज लंडनला निघालं. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या नव्या कोऱ्या देशी कंपनीचं. सोलापूरचे वालचंद हिराचंद, त्यांच्यासोबत नरोत्तम मोरारजी आणि मंडळी. जहाज मात्र जुनंच होतं. आधी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने ते प्रशांत महासागरात फिरायचं. मग ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेऊन पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी तरंगतं इस्पितळ म्हणून चालवलं आणि नाव ठेवलं 'लॉयल्टी'. म्हणजे इंग्रजांच्या मक्तेदारीला पहिलं मोठं आव्हान द्यायला जे जहाज गेलं त्याच्या कपाळावर राजनिष्ठा कोरलेली! इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला जेरीस आणलं, आणि चारच वर्षांत, १९२३ मध्ये, ते जहाज मुंबईतच मोडीत निघालं. तरी १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, पंतप्रधानांच्या कोटाला त्या आठवड्यात छोटा झेंडा लावतात तो याचाच. सिंदिया कंपनी मात्र तगली, वाढली. तिच्या जहाजांची नावं 'जल' या शब्दावरून असत. त्यातलं एक 'जलपद्म'. हे नाव लक्षात ठेवा.

आता १९४४. दुसरं महायुद्ध भरात आलेलं. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी सगळा माल मुंबईत उतरत होता. १२ एप्रिलला 'फोर्ट स्टायकिन' हे जहाज व्हिक्टोरिया डॉकला लागलं. इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे आलेलं. पोटात जवळपास १,४०० टन दारूगोळा. त्याशिवाय विमानं, आणि ३१ पेट्यांमध्ये सोन्याच्या विटा, तेव्हाच्या हिशोबात साधारण नऊ लाख पौंडांच्या. कराचीत त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी भरल्या. तेलाची पिंपं, लाकूड, भंगार हेही होतंच. दारूगोळा आणि रुई एकाच जहाजात! एरवी स्फोटकांचं जहाज गोदीत घेतच नसत, बाहेर खोल पाण्यात उभं करून पडावातून माल उतरवायचे. आत आलंच तर लाल बावटा लावायचा. युद्धाच्या घाईत बाहेर थांबवणंही गेलं आणि बावटाही गेला.

१४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या फाळक्यातून धूर दिसला. रुईच्या गाठीची आग ज्यांनी पाहिलीय, निदान गिरणगावातल्या जुन्या लोकांनी, त्यांना माहीत आहे की ती आतून धुमसते. वरून कितीही पाणी मारा, पोटात पोचत नाही. बंबवाल्यांनी नऊशे टनांहून जास्त पाणी आत ओतलं. आग सापडेना, धुराने काही दिसेना, आणि जहाजात साठलेलं पाणीच उकळायला लागलं. काठावर अधिकाऱ्यांची चर्चा चाललेली. जहाज जागेवर बुडवावं की ओढून समुद्रात न्यावं? जहाजाचा कप्तान एक, गोदीचे अधिकारी दुसरे, लष्कराचे तिसरे, आणि हुकूम द्यायचा कुणी ते ठरेना. हे वाचताना मला थेट आजच्या कितीतरी बैठका आठवल्या. असो.

तीन पन्नासच्या सुमारास जहाज सोडायचा हुकूम निघाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. बंबवाले तोवर पाणीच मारत होते. साधारण अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्याहून मोठा. सतराशे किलोमीटरवरच्या सिमल्यात भूकंपमापकाने धक्का नोंदवला. आणि ते 'जलपद्म', सुमारे चार हजार टनांचं जहाज, पाण्यातून उचललं जाऊन गोदीच्या काठावर आपटलं. पेटलेल्या रुईच्या गाठी आभाळातून मांडवी, दाणाबंदर, मशीद बंदरवर पडल्या. बंगालच्या दुष्काळाला वर्षही झालं नव्हतं, आणि इथे वखारींमधलं हजारो टन धान्य जळत होतं. सोन्याच्या विटाही उडाल्या. एक वीट मैलभर लांबच्या एका पारशी गृहस्थाच्या गॅलरीत येऊन पडली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. बाकीच्या विटा गोदीतला गाळ काढताना पुढे कित्येक वर्षं सापडत राहिल्या, पार या शतकातसुद्धा.

मुंबईच्या घराघरांत ही गोष्ट सांगितली जाते ती त्या विटांची. 'सोन्याचा पाऊस पडला होता' म्हणून. मीसुद्धा लहानपणी तीच ऐकली.

आता आकडे. मेलेल्यांचे अंदाज आठशे ते तेराशेच्या दरम्यान आहेत. नेमका आकडा नाही, कारण गोदीत रोजंदारीवर कोण किती होते याची नोंद ठेवायची गरज कुणाला वाटली नव्हती. हमाल, खलाशी, पडाववाले, बंदरावरच्या झोपड्यांत राहणारे. बेघर झाले सुमारे ऐंशी हजार. आग आटोक्यात यायला तीन दिवस गेले, मलबा उपसून गोदी चालू व्हायला आठ हजार माणसांना सात महिने लागले. आणि एक आकडा मात्र नेमका आहे: मुंबई फायर ब्रिगेडचे ६६ जवान. त्यांची हजेरी लागलेली होती, म्हणून ते मोजता आले.

त्या वेळी दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं कुणाकडे होतं माहितीय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. गोदीत त्यांच्या वाढदिवशी जे मेले त्यातले बहुतेक कामगारच होते. त्यामुळे या दोन आठवणी एकमेकींच्या आड येतात असं मला तरी वाटत नाही. एकाच तारखेच्या त्या दोन बाजू आहेत.

दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं? काही नाही. युद्धाची सेन्सॉरशिप होती. अख्ख्या शहराच्या काचा फुटल्या, आकाश लाल झालेलं लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि बातमी छापायला बंदी. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने १५ एप्रिललाच जगाला सगळं सांगून टाकलं. आपल्या वर्तमानपत्रांना परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे जवळजवळ महिनाभर मुंबईची बातमी मुंबईकरांनी एकतर शत्रूच्या रेडिओवरून ऐकायची, नाहीतर शेजाऱ्याकडून. मला वाटतं विटांची गोष्ट टिकली आणि माणसांची गेली त्याचं एक कारण हे आहे. जे छापून येत नाही ते तोंडी फिरतं, आणि तोंडी सोनं जास्त फिरतं. ६६ ची यादी कुणी गॅलरीत बसून नातवंडांना सांगत नाही.

ज्या दिवसामागे माणसं गेलेली असतात त्याला एक काम जोडलेलं असतं, निदान सुरुवातीला. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. त्या आठवड्यात बंबवाले शाळेत, सोसायटीत, कारखान्यात येऊन प्रात्यक्षिक दाखवतात, पत्रकं वाटतात. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आले होते. १४४ फ्लॅट आहेत, खाली उतरलो नऊ जण, त्यात चार लहान मुलं, ती बंबावर चढून फोटो काढायला. जवानाने सिलिंडरवर ओलं गोणपाट कसं टाकायचं ते दाखवलं आणि मग विचारलं, तुमच्या जिन्यात या सायकली कुणाच्या? सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

आणि हे १९४४ चं म्हणून सोडून देऊ नका. ९ मे २०१५, काळबादेवी, गोकुळ निवास. जुनी इमारत, लाकडी सांगाडा, अरुंद गल्ली, आत ठासून भरलेला माल. इमारत कोसळली आणि आत गेलेले मुंबई फायर ब्रिगेडचे चार अधिकारी गेले. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथेच, सुधीर अमीन आणि खुद्द प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर नंतर इस्पितळात. ज्या खात्याचा सर्वांत वरचा माणूस स्वतः आगीत जातो असं दुसरं सरकारी खातं मला तरी माहीत नाही. योगायोग बघा, याच काळबादेवीत १२ डिसेंबर १९३० ला बाबू गेनू परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला होता. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, बाविशीतला गिरणी कामगार. त्याच्या दिवसालाही आता कुणी फारसं कुणाला काही पाठवत नाही. बरंच आहे म्हणा, पाठवलं असतं तर 'स्वदेशी दिनाच्या हार्दिक शुभेच्छा' आणि खाली कुठल्यातरी साबणाची जाहिरात आली असती.

तर आता कामाचं. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. ज्या इमारतींना तो लागू होतो त्यांनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून 'फॉर्म बी' द्यायचा असतो. पंप चालू आहे, होजरीळला पाणी येतंय, जिना मोकळा आहे, असा त्याचा अर्थ. बऱ्याच ठिकाणी एजन्सीवाला येतो, ऑफिसात चहा पितो, सही करतो आणि जातो. टाकीपर्यंत चढतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मंगळवार असो की रविवार, या १४ तारखेला सकाळी जयंतीला जाऊन या, आणि संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन जानेवारीचा फॉर्म बी बघायला मागा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे. सेक्रेटरी काका वैतागतील, वैतागू द्या. फॉर्म हातात आला की गच्चीवर जा आणि कुणालातरी खाली पंप चालू करायला सांगा. पाणी आलं तर उत्तम. नाही आलं तर फॉर्मवर ज्याची सही आहे त्याला फोन करा.

शेवटचं. भायखळा, माझगाव, मशीद बंदर, डोंगरी, शिवडी या भागात ज्यांची घरं १९४४ च्या आधीपासून आहेत, किंवा ज्यांच्या घरातलं कुणी गोदीत, बंदरावर, फायर ब्रिगेडमध्ये होतं, त्यांनी आजी-आजोबांकडून काय ऐकलंय ते मला कळवा. विटांच्या गोष्टी नकोत, त्या माझ्याकडे पुष्कळ आहेत. कोण कामावर गेलं होतं आणि परत आलं नाही, ते हवंय. नाव, गाव, काय काम करायचा, आठवत असेल तेवढं.